विहिरीत उतरणारा उजेड



गावाकडचा माणूस मुंबईला गेला म्हणजे समुद्र पाहतो, राणीची बाग पाहतो, गणपतीच्या दिवसांत लालबागची गर्दी पाहतो. मुंबईत विहीर पाहायला मात्र कोणी जात नाही. तिथे चावी फिरवली की पाणी येते, मग विहीर हवी कशाला, असे आपल्याला वाटते. पण चर्चगेट स्टेशनापासून जवळच, क्रॉस मैदानाच्या कडेला, एक विहीर आहे. भिखा बेहराम नावाच्या पारशी व्यापाऱ्याने ती १७२५ साली बांधली. तिला तीनशे वर्षे झाली. समुद्र इतका जवळ, आणि तरी तिचे पाणी गोडे! वाळकेश्वरच्या बाणगंगेची गोष्टही तीच. एका बाजूला खारा समुद्र, आणि हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्याचा झरा.

हे पाणी गोडे आहे हे पूर्वीच्या माणसाने कसे ओळखले? ओंजळीत घेऊन चाखले. विहिरीत काय आहे ते समजून घ्यायला त्याच्याजवळ जीभ होती, नाक होते आणि डोळे होते. आज मला तुमच्यापुढे जो प्रश्न ठेवायचा आहे तो हा, की जिथे जीभ, नाक आणि डोळे तिन्ही फसतात, तिथे विहिरीच्या तळाची खबर माणसाने कशी काढावी? तीही पाणी ओठाला लागण्याआधी, आणि माणूस आत उतरण्याआधी. या कामाला आता काचेचा एक धागा पुढे आला आहे. तो जाडीला केसाच्या दुप्पटसुद्धा भरत नाही. त्या धाग्याची ओळख आज करून घेऊ.

प्रथम पाण्याचे पाहू. गिरगावच्या वाड्यांत, तसेच दादर-परळच्या जुन्या वस्त्यांत, घरोघरी नळ येण्यापूर्वी विहिरीच होत्या. १८६० साली विहार तलावाचे पाणी शहरात आले, १८९२ साली तानसाचे आले. तरी विहिरी वापरात राहिल्या. पुढे हिवतापाने शहर बेजार झाले. डॉक्टर बेंटली यांनी १९११ साली सरकारला अहवाल दिला, की हिवताप पसरवणारा डास शहरातल्या उघड्या विहिरींत वाढतो. मग कित्येक विहिरी बुजवल्या गेल्या. धर्मकृत्यांना विहिरीचेच पाणी लागते, असे म्हणणाऱ्या लोकांसाठी काही विहिरी जाळीची झाकणे घालून राखण्यात आल्या. म्हणजे विहिरींवर नजर ठेवावी लागते, हा धडा मुंबईने शंभर वर्षांपूर्वीच घेतला.

मुंबईच्या विहिरींचे दिवस संपले असे मात्र समजू नका. २०२५ च्या एप्रिल महिन्यात मुंबईच्या टँकरवाल्यांनी संप केला. भूजल उपसायला केंद्राच्या प्राधिकरणाची परवानगी हवी, या नियमावरून तो वाद होता. चार दिवसांत शहराची बांधकामे अडली, सोसायट्या हवालदिल झाल्या. हे टँकर भरत होते ते विहिरींवर आणि बोअरवर. तेव्हा मुंबईच्या पोटातले पाणी आजही उपसले जात आहेच.

आता या उपशातली मेख पाहा. गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते, जशी दुधावर साय. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून शेकडा अडीच भाग जड असते, एवढ्याशा फरकावर हा सारा खेळ चालतो. हिशेब असा, की समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी हातभर उभे असेल, तर खाली ते चाळीस हात असते. उलट तुम्ही उपसा करून वरची पातळी हातभर उतरवली, तर खालचे खारे पाणी चाळीस हात वर सरकू पाहते. मुंबईच्या काळ्या कातळात भेगाभेगांतून पाणी फिरते, त्यामुळे हा हिशेब तिथे तंतोतंत लागत नाही. पण चाल तीच. आज गोडी असलेली विहीर उद्या मचूळ होते, परवा खारट होते. आणि एकदा खारे पाणी आत शिरले की ते मागे हटवायला कित्येक पावसाळे जावे लागतात. कोकणातल्या किनाऱ्यावरच्या शेतकऱ्याला हे निराळे सांगायला नको.

आपण म्हणाल, पाणी तपासून घ्यावे, त्यात काय! खरे आहे. बाटली भरावी, प्रयोगशाळेत द्यावी, आठवड्याने अहवाल घ्यावा. दर लिटरमागे क्लोराइड २५० मिलिग्रॅमपर्यंत असले तर चांगले, दुसरे पाणीच नसेल तर १००० पर्यंत चालवून घ्यावे, असे आपले भारतीय मानक सांगते. नायट्रेट ४५ च्या वर नको, फ्लोराइड दीडच्या वर नको. यांपैकी नायट्रेट आणि फ्लोराइड जिभेला मुळीच कळत नाहीत. फ्लोराइडने मुलांचे दात डागाळतात आणि पुढे हाडे वाकतात, तेव्हा गावाला कळते.

पण बाटलीतले पाणी म्हणजे एका क्षणाचे पाणी. मुंबईच्या समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते. किनाऱ्याजवळच्या विहिरीत भरतीला एक गुण, ओहोटीला दुसरा. वर एक, तळाला तिसरा. वळवाचा पाऊस पडला, शेतातले खत वाहून आले, म्हणजे चौथा. वर्षातून चार वेळा निरीक्षण-विहिरीची पातळी मोजतात. त्या चार दिवसांच्या मधल्या तीनशे एकसष्ट दिवसांत विहीर काय बोलली, ते कोणी ऐकलेले नसते. नाडी पाहायला वैद्य वर्षातून चारदा आला, तर रोग त्याच्यासाठी थांबून राहील काय?

पाण्याचा धोका सावकाश येतो. दुसरा धोका मात्र क्षणात येतो, तो वायूचा.

२०२४ च्या एप्रिलमध्ये, पाडव्याच्या सणाला, अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावी काय घडले ते तुम्ही वर्तमानपत्रांत वाचले असेल. एक जुनी विहीर. तिच्यात शेणकाला साठवलेला. एक मांजर आत पडले. त्याला काढायला एक जण उतरला, तो वर आला नाही. त्याला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा. सहा जण उतरले आणि पाच जण गेले. वाचला तो एकटा, कारण त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता. मांजराच्या जिवासाठी जी माणसे आत उतरली त्यांच्या काळजाला नाव ठेवायला जागा नाही. उणीव होती ती खबरीची. आत काय आहे, हे काठावर उभ्या असलेल्या कोणालाच दिसत नव्हते.

अशा ठिकाणी काय असते? कर्बवायू असतो, ज्याला मुले शाळेत कार्बन डायऑक्साइड म्हणतात. त्याला रंग नाही, वास नाही. तो हवेहून जड, म्हणून तळाशी साचून राहतो. जिथे शेण, पाला, मैला कुजतो तिथे मिथेन असतो, तो पेट घेतो. आणि तिसरा हायड्रोजन सल्फाइड. त्याला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. हा सर्वांत दगलबाज. थोडा असला की वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटते, गेला वाटते वायू! आणि तिथेच घात होतो. शिवाय प्राणवायू कमी झालेला असतो. आपण श्वास घेतो त्या हवेत तो शंभरात एकवीस भाग असतो; दहाच्या खाली उतरला तर माणूस ओरडायच्या आत शुद्ध हरपून पडतो.

आपल्याकडे विहिरीत कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. दिवा विझला तर आत उतरू नये. रीत शहाणपणाची होती, पण ती अपुरी आहे. दिवा विझला तर प्राणवायू कमी हे कळते. दिवा जळत राहिला म्हणून विषारी वायू नाही असे मात्र नव्हे. आणि मिथेन असेल तर तोच दिवा भडका उडवील. तरीही त्या रीतीमागचा विचार किती मोलाचा आहे पाहा! माणसाच्या आधी उजेड खाली सोडायचा, आणि उजेडाने वर खबर द्यायची. आजचे शास्त्र याच विचाराला पुढे नेते आहे. फक्त ज्योतीच्या जागी काचेच्या धाग्यातला उजेड आला आहे.

हा धागा म्हणजे ऑप्टिकल फायबर. मराठीत आपण त्याला प्रकाशतंतू म्हणू. त्याच्या आत एक काचेचा गाभा असतो आणि भोवती किंचित निराळ्या काचेचे कवच. गाभ्यात शिरलेला उजेड कवचाला तिरपा जाऊन लागतो, आणि बाहेर न पडता पुन्हा आत वळतो. याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. असा टप्पे खात खात तो मैलोगणती जातो. धागा वाकवला तरी त्याच्याबरोबर वळतो. जिनिव्हाच्या कोलाडनने १८४० च्या सुमारास पाण्याच्या धारेत उजेड असा वळवून दाखवला होता. काचेच्या तंतूंची जुडी करून तिच्यातून चित्र पाठवण्याचे काम लंडनमध्ये हॉपकिन्स आणि आपले नरिंदरसिंग कपानी यांनी केले आणि १९५४ साली प्रसिद्ध केले. कपानींचा जन्म पंजाबातल्या मोगा गावचा. पुढे चार्ल्स काव यांनी १९६६ साली दाखवले, की काच पुरेशी शुद्ध केली तर हा धागा दूरवर संदेश नेईल. त्याबद्दल त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज तुमच्या ग्रामपंचायतीत जे इंटरनेट येते ते अशाच धाग्यावरून येते.

मग या धाग्याला विहिरीतले रसायन कळते कसे? इथे मी तुम्हांला स्वयंपाकघरात नेतो. हळदीच्या डागावर साबण लागला की डाग लाल होतो, हे प्रत्येक बाईला ठाऊक आहे. हळदीला चुना लावून लाल करायचे, याच गुणावर आपल्याकडे कुंकू करीत आले. हळद ही एक प्रकारची बातमीदार आहे. क्षार भेटला की रंग बदलून सांगते. आता कल्पना करा, की काचेच्या धाग्याच्या टोकाला असाच एक रंगद्रव्याचा थेंब पक्का बसवला आणि टोक विहिरीत सोडले. वरून उजेड पाठवला. तो खाली गेला, रंगाला भेटला, परत वर आला. पाणी आम्ल झाले, रंग बदलला. परत आलेला उजेड बदलला. काठावर बसलेल्या यंत्राने तो वाचला. रासायनिक संवेदकाचे, म्हणजे सेन्सरचे, एक घराणे हे असे आहे. काही रंगद्रव्ये उजेड पडला की स्वतः चमकतात, आणि प्राणवायू भेटला की त्यांची चमक मंदावते. चमक किती आणि किती वेळ टिकली यावरून पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजता येतो.

दुसऱ्या घराण्यात रंग लागतच नाही. प्रत्येक वायू उजेडातला आपल्या वाट्याचा रंग गिळतो. मिथेन, कर्बवायू, हायड्रोजन सल्फाइड हे डोळ्यांना न दिसणाऱ्या, तांबड्यापलीकडच्या उजेडातले ठराविक रंग गिळतात. धाग्यातून तो उजेड खाली नेला, वायूतून जाऊ दिला आणि परत आणला, की कोणता रंग किती कमी झाला यावरून कोणता वायू किती आहे ते कळते.

तिसरे घराणे सर्वांत नवलाचे. त्यात टोकालाच नव्हे, तर सबंध धाग्याला जाणीव असते. वरून उजेडाचा एक ठोका सोडायचा. धाग्याच्या प्रत्येक बिंदूवरून त्यातला अगदी अल्प उजेड माघारी उसळतो, डोंगरात हाक मारल्यावर प्रतिध्वनी यावा तसा. एक मीटर पुढच्या बिंदूचा प्रतिध्वनी सेकंदाच्या दहा कोटीव्या भागाने उशिरा येतो. तेवढा उशीर मोजणारी यंत्रे आज आहेत. त्या परतलेल्या उजेडातला एक अंश तिथल्या उष्णतेप्रमाणे कमीजास्त होतो. म्हणजे एकच धागा सोडून विहिरीच्या दर मीटरचे तापमान काठावर बसून वाचता येते. कुठून पाणी आत शिरते, कुठे वायू गळतो, ते त्यावरून ओळखतात.

आणि या सगळ्यांत एक मोठी सोय आहे. विहिरीत वीज उतरत नाही. वीज नाही म्हणजे ठिणगी नाही. मिथेनने भरलेल्या पोकळीत यापरती दुसरी सुरक्षितता कोणती?

आता तुम्हांला मुंबईच्या किनाऱ्यावरून आणखी पश्चिमेला नेतो. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात, मुंबईच्या सर्वांत खोल विहिरी आहेत. 'सागर सम्राट' या खोदाई-मंचाने १९७४ च्या फेब्रुवारीत तिथे तेल शोधले; १९७६ पासून ते काढले जाऊ लागले. हेच मुंबई हाय, तेव्हाचे बॉम्बे हाय. समुद्र तिथे सुमारे ७५ मीटर खोल, आणि त्याच्या तळाखाली हजार मीटरहून खोल कातळात तेल. शेजारच्या वसई क्षेत्रातल्या वायूत तो दगलबाज हायड्रोजन सल्फाइड असतो. म्हणून तो वायू समुद्राखालच्या नळांतून गुजरातेत हाजिराला नेऊन धुऊन घ्यावा लागतो, मग तो वापरायचा.

अशा खोल विहिरीत माणूस उतरणे शक्यच नाही. दर किलोमीटरला उष्णता पंचवीस-तीस अंशांनी वाढते. पाण्याचा दाब दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा चढतो; हजार मीटरवर तो शंभरपट झालेला असतो. त्यात खारे पाणी, आम्ल वायू, वाळूचा मारा. लोखंड कुजते, विजेची यंत्रे बंद पडतात. म्हणून जगातल्या तेलविहिरींत गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून प्रकाशतंतू उतरवू लागले.

तिथे हा धागा अजिंक्य ठरला, असे मी सांगितले तर ती फसवणूक होईल. तळातला हायड्रोजन वायू काचेत झिरपतो आणि काच काळवंडते. उजेड वाटेतच मरतो. म्हणजे जो डोळा पाहायला पाठवला त्यालाच मोतीबिंदू होतो! धाग्यावरचे साधे प्लास्टिकचे आवरण शंभर अंशांच्या आतच खराब होऊ लागते. मग शुद्ध सिलिकाचा गाभा करावा, त्यावर कर्बाचा पातळ थर द्यावा, वर धातूचे किंवा उष्णतेला टिकणारे आवरण चढवावे, असे उपाय निघाले. उष्णता आणि दाब मोजण्यात त्यामुळे चांगले यश आले. रसायन मोजणे मात्र याहून अवघड आहे. कारण रसायन ओळखायचे तर धाग्याने त्या पाण्याला शिवले पाहिजे. पूर्ण झाकून घेतले तर ओळख पटणार नाही, आणि उघडे राहिले तर झीज होणार. टोकावरचे रंगद्रव्य विटते, धुपते. साध्या विहिरीतसुद्धा त्यावर शेवाळ धरते. रंग बदलला तो पाण्यामुळे की म्हातारपणामुळे, हे ठरवायला अधूनमधून ओळखीच्या पाण्यात टोक बुडवून ताळा पाहावा लागतो. वर्षानुवर्षे तळाशी राहून खरे बोलेल असा रासायनिक संवेदक घडवण्याचे काम जगभरच्या प्रयोगशाळांत चालू आहे.

तर मग आज गावाने काय करावे? धागा स्वस्त होऊन येईपर्यंत वाट पाहावी काय? मुळीच नाही. धाग्याने जो विचार दिला आहे त्याला पैसे पडत नाहीत. माणसाच्या आधी खबर उतरली पाहिजे, एवढाच तो विचार.

जुन्या, झाकलेल्या, गाळाच्या किंवा शेणकाल्याच्या विहिरीत एकट्याने कधी उतरू नका. वायू मोजणारे खिशात मावणारे यंत्र आज मिळते. अग्निशमन दलाकडे आणि मोठ्या ठेकेदारांकडे ते असते. ते आधी दोराने खाली सोडा. यंत्र नसेल तर माणूस सोडू नका. आत पंख्याने भरपूर हवा मारा. पण हवा मारली म्हणून मोजणी चुकवू नका. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवाच, आणि दोराचे दुसरे टोक वर दोघा-तिघांच्या हातांत हवे. कोणी आत पडलाच, तर त्याच्यामागे उडी टाकू नका. ११२ ला फोन करा. हे सांगताना जीभ जड होते, कारण आपला माणूस खाली पडलेला असताना काठावर उभे राहणे ही साधी गोष्ट नव्हे. पण वाकडीला तेच झाले. एकाच्या मागे दुसरा गेला, आणि एकाचे पाच झाले.

पाण्याच्या बाबतीत गावच्या भगिनींना पाणी तपासणीच्या पेट्या दिल्या गेल्या आहेत. त्या कपाटात ठेवू नका. पावसाळ्याआधी आणि नंतर तर तपासाच, पण किनाऱ्यालगत असाल तर भरतीचे आणि ओहोटीचे पाणी वेगवेगळे तपासा, आणि आकडे एका वहीत तारखेनिशी लिहा. दहा वर्षांची अशी वही म्हणजे त्या विहिरीची जन्मपत्रिकाच होय.

शिक्षक बंधुभगिनींना दोन प्रयोग सुचवतो. प्लास्टिकच्या बाटलीला बुडाजवळ भोक पाडा, पाणी भरा, वर्गात अंधार करा आणि भोकाच्या समोरच्या बाजूने बॅटरीचा झोत टाका. भोकातून पडणाऱ्या धारेखाली मुलाने तळहात धरला, की वाकलेल्या धारेबरोबर वाकून आलेला उजेड त्याच्या हातावर पडेल. कोलाडनचा प्रयोग तो हाच. दुसरा प्रयोग हळदीचा. कागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवा. एक पट्टी साबणाच्या पाण्यात बुडवा, ती लाल होईल. लिंबू पिळा, ती पुन्हा पिवळी होईल. मग मुलांना विचारा, की हे दोन्ही प्रयोग एकत्र जोडले तर काय होईल? एखादी मुलगी उठून म्हणेल, गुरुजी, मग विहिरीत न उतरताच पाणी कसं आहे ते कळेल. तिने उत्तर दिले, की विहिरीचा संवेदक तिला समजला.

कोण जाणे, काळवंडणाऱ्या काचेचे कोडेही उद्या अशीच एखादी मुलगी सोडवील. तोवर तुमच्या गावात कोणी जुन्या विहिरीच्या काठावर पाय ठेवलेला दिसला, तर त्याला थांबवून एवढेच विचारा, की आत काय आहे ते पाहिलंस का? आणि उत्तर मिळेपर्यंत त्याचा हात सोडू नका.